गेज काउंटीतली एक खोलीची शाळा

लिंकन, नेब्रास्का
१२ ऑक्टोबर

प्रिय दिग्या,

रविवारी बिॲट्रिसला जाऊन आलो, तेव्हापासून तुला लिहायचं मनात घोळतंय. तिथे डॅनियल फ्रीमनचं शेत स्मारक म्हणून जपलंय. सरकारी जमीन वसाहत करणाऱ्यांना जवळजवळ फुकट देणारा होमस्टेड कायदा १८६२ चा, अंमल १ जानेवारी १८६३ पासून. त्याच दिवशी या माणसाने ब्राउनव्हिलच्या जमीन कचेरीत अर्ज भरला. एकदम १६० एकर! अट अशी, की घर बांधायचं, जमीन कसायची आणि पाच वर्षं तिथेच राहायचं. मला आबांची अडीच एकर आठवली, आणि बांधावरून झालेली ती भांडणंही.

पण 'तिथेच राहायचं' ही अट किती जड असेल बघ. आपल्याकडे घरं गावठाणात, शेतं शिवारात. ओसरीवरून हाक मारली की चार माणसं धावून येतात. इथे एकेकाची जमीन अर्धा मैल लांब, अर्धा मैल रुंद, आणि घर त्या जमिनीतच. रात्री बाईच्या पोटात कळा सुरू झाल्या तर हाक कुणाला मारायची?

स्मारकात १८६७ चं ओंडक्यांचं घर आणून ठेवलंय. १४ बाय १६ फूट. त्यात दहा मुलांचा संसार झाला. दारात उभा राहिलो आणि पाय निघेना.

मग माणसं जमायची कुठे? शाळेत. १८७२ ची, विटांची, एकाच खोलीची. सगळ्या इयत्ता एकत्र, एकच शिक्षक, अगदी आपल्या वस्तीशाळेसारखं. मतदानही तिथेच. १९६७ पर्यंत ती चालली. याच शाळेत बाई मुलांना बायबल वाचून दाखवायच्या, प्रार्थना घ्यायच्या, म्हणून फ्रीमन कोर्टात गेला. १९०२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. पहिल्या अर्जापेक्षा मला त्याचा हा खटला मोठा वाटतो.

एक गोष्ट मात्र सलते. याच काउंटीच्या दक्षिणेला बिग ब्लू नदीकाठी ओटो-मिझुरिया या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांची राखीव जमीन होती. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८५४ च्या तहात बाकीचा मुलूख गेल्यावर त्यांच्या हाती तेवढीच उरली होती. तीही विकली गेली आणि १८८१ मध्ये त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. एकीकडे शाळा उभी राहत होती, दुसरीकडे एक अख्खा समाज सामान बांधत होता.

आबांना एक विचारशील? आपल्या वस्तीवरची शाळा कुणाच्या जागेत बांधली, आणि त्याआधी ती जागा कुणाची होती? सवडीने लिही, पण नक्की लिही.

तुझा,
अन्या