आई-बाबा, टाइमटेबल परत मांडलंय

बर्लिन
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा आणि ती. आई यांना शि. सा. न.

परवा शुक्रवारी तुमचा फोन आला तेव्हा मी ट्रेनमध्ये उभी होते, नीट ऐकूही येत नव्हतं. बाबा, तुम्ही विचारलंत "एक विषय सोडलास म्हणजे काय गं?" आणि मी नुसतं नंतर सांगते म्हणून फोन ठेवला. त्यानंतर तुम्ही दोघांनी परत विषय काढला नाही, त्याचीच मला जास्त चुटपुट लागून राहिलीय. म्हणून आज बसून सगळं लिहितेय.

इथे टाइमटेबल कुणी हातात देत नाही. कुठले विषय घ्यायचे, किती घ्यायचे ते आपलं आपण ठरवायचं. एका सत्राला साधारण ३० क्रेडिट धरतात आणि एक क्रेडिट म्हणजे वर्गातलं आणि घरचं मिळून २५ ते ३० तासांचं काम. मी पाच विषय घेतले, प्रत्येकी ६ क्रेडिटचे, वर जर्मनचा क्लास. पुण्यातली पाच वर्षांची नोकरी सोडून परत शिकायला आलेय, एक दिवस वाया जायला नको एवढंच डोक्यात होतं.

१३ तारखेला पहिलं लेक्चर होतं. १० ते १२ लिहिलेलं म्हणून मी पावणेदहालाच जाऊन बसले, तर हॉल रिकामा. दहा वाजले तरी चारपाचच जण. मला वाटलं खोली चुकली, बाहेर जाऊन दारावरचा नंबर परत बघून आले. मग शेजारच्या मुलीने सांगितलं की वेळेपुढे सी.टी. लिहिलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो आणि पावणेबाराला संपतो, आणि एस.टी. लिहिलं असेल तर बरोबर ठोक्याला. एस.टी. म्हटल्यावर मला आधी आपली लाल गाडीच आठवली. लॅटिन शब्द आहेत म्हणे ते, फार जुनी पद्धत. आणि आई, तास संपला की इथे टाळ्या नाही वाजवत, सगळे मूठ करून बाकावर टकटक करतात, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटाच आला माझ्या.

घोळ झाला तो बुधवारी. एक लेक्चर शहराच्या मधल्या इमारतीत, पावणेबाराला संपणार, पुढचं सव्वाबाराला दुसऱ्या कॅम्पसवर, आणि मध्ये ट्रेन आणि चालणं धरून पाऊण तास लागतो. कागदावर दोन्ही तास वेगळे दिसत होते म्हणून क्लॅश लक्षातच आला नाही. दोन्ही बुधवारी मी धावत गेले, मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले, फळ्यावर निम्मं लिहून झालेलं असायचं. हा दुसरा विषय म्हणजे ऑप्टिमायझेशन. रात्री घरी येऊन नोट्स लावत बसायचे, डोळे मिटायचे पण कळायचं काही नाही.

दुसऱ्या बुधवारी रात्री मला तुमचं माजघर आठवलं बाबा. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी तुम्ही जमिनीवर कार्डशीट पसरून वेळापत्रक मांडायचात, मी आणि आई कडेने जपून चालायचो, खोडून खोडून कागद एके ठिकाणी पातळ झालेला असायचा आणि आई रबराचा चुरा पदरानेच झटकायची. तुम्ही म्हणायचात, आधी न हलणारे तास मांडायचे. बसने येणाऱ्या बाई साडेअकराच्या आत पोचत नाहीत, प्रयोगशाळा एकच आहे, ते आधी. बाकीचे त्यांच्याभोवती बसतात.

मी तेच केलं. चौकोनी वहीचं पान घेतलं, पेन्सिल घेतली. लेक्चरं हलत नाहीत, ती आधी मांडली आणि प्रत्येकाच्या पुढे येण्याजाण्याची वेळ पण एक तास म्हणूनच धरली, जे मी आधी केलंच नव्हतं. मग सरावाचे गट. एकाच विषयाचा सराव आठवड्यात तीनचार वेळा असतो आणि त्यातला एक आपण निवडायचा असतो, ते मात्र हलवता येतात. संख्याशास्त्राचा गुरुवार संध्याकाळचा गट मला नको होता, बुधवार सकाळचा भरला होता, म्हणून गट बघणाऱ्याला मेल टाकली आणि एक मुलगा अदलाबदलीला तयार झाला. एवढं करूनही ऑप्टिमायझेशन बसेना. शेवटी ते खोडलं.

बाबा, यात काही लाल शाईने उमटत नाही. इथे विषयाला बसणं वेगळं आणि परीक्षेचं नाव नोंदवणं वेगळं. मी परीक्षेला नाव दिलेलंच नाही, त्यामुळे मार्कशीटवर काही येणार नाही. तो विषय फक्त हिवाळी सत्रात असतो, पुढच्या हिवाळ्यात घेईन, तेव्हा पाचाच्या जागी सहा होतील. जड जाईल पण तोवर भाषा आणि रस्ते दोन्ही अंगवळणी पडलेले असतील. तुमच्या मनात पैशांचं आलं असणार, माहितीये मला. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला ११,९०४ युरो भरताना तुम्ही एफडी मोडलीत, त्यातूनच महिन्याला ९९२ युरो हातात येतात तेव्हा दर वेळी मला ती पावती डोळ्यासमोर दिसते. एक सत्र वाढू नये म्हणूनच हे आत्ता केलं, फेब्रुवारीत पाचही विषय अर्धेमुर्धे घेऊन परीक्षेला बसण्यापेक्षा चार नीट करते.

आता फोनचं. काल रात्री इथली घड्याळं एक तास मागे गेली, म्हणजे आपल्यात साडेतीनच्या जागी आता साडेचार तासांचा फरक, मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत. तुमचे साडेनऊ म्हणजे माझे पाच. बाबा गोळी घेऊन दहाला झोपतात म्हणून ही वेळ मला हलवायची नव्हती, गुरुवारचा गट त्यासाठीच बदलला. मंगळवारी मात्र चार ते सहा लेक्चर आहे आणि ते हलत नाही. त्या दिवशी मी दुपारी बाराला करेन, तुमचे साडेचार, तर आई तेव्हाच चहा टाक म्हणजे दोघं सापडाल. मोतीबिंदूच्या तपासणीची तारीख मिळाली की लगेच कळव.

वहीच्या पानाचा फोटो सोबत पाठवलाय. बाबा, चष्मा लावून एकदा बघा, शुक्रवारच्या रकान्यात मला अजून शंका आहे. कुठे क्लॅश दिसला तर सांगा, पेन्सिलनेच लिहिलंय.

तुमची,
मनू