मोठा कूलर घेताना आधी मोजपट्टी काढा

संपादक महोदय,

संगणकाच्या प्रोसेसरबरोबर येणारा, तो थंड ठेवणारा छोटा पंखा बाजूला ठेवून बाहेरचा मोठा कूलर बसवायची सध्या टूम आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा ऑनलाइन काय, गिऱ्हाईक किंमत, वॅट आणि दिवे विचारतं. कूलर आपल्या कॅबिनेटमध्ये मावेल का, हे विचारणारे थोडे आणि आपणहून सांगणारे दुकानदार त्याहून थोडे. आमच्याकडे येणाऱ्या अशा तक्रारींत कूलर सदोष निघणं क्वचितच. घोळ मापात किंवा बसवण्यात असतो.

उदाहरणादाखल नॉक्टुआचा एनएच-डी15 घ्या. दोन पंख्यांसह उंची 165 मिमी, वजन 1320 ग्रॅम. पुढच्या पंख्याखाली रॅमसाठी (मेमरीसाठी) जागा उरते ती 32 मिमी. दिवेवाली रॅम साधारण 44 मिमी उंच असते. मग पंखा 12 मिमी वर सरकवावा लागतो आणि एकूण उंची होते 177 मिमी. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात ‘कूलरची कमाल उंची 170 मिमी’ लिहिलं असेल, तर बाजूची काच बंद होणार नाही. दाबून लावली तर तडकेल. दोनच रॅम असतील तर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात, त्यामुळे एक खाच मोकळी राहून थोडी सवड मिळते. पण रुंद पंखा दुसऱ्या खाचेवरही येतो. ही बेरीज पैसे देण्याआधी करावी. मुळात रायझन 5 7600 सारख्या 65 वॅटच्या प्रोसेसरला एवढा डोलारा लागतच नाही. एक टॉवर (धातूच्या पातळ पत्र्यांचा मनोरा) आणि एक 120 मिमीचा पंखा भरपूर झाला.

दुसरं माप सॉकेटचं, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या बैठकीचं. इंटेलच्या एलजीए 1200 आणि त्याआधीच्या 115x मालिकेत कूलरच्या छिद्रांमधलं अंतर 75 मिमी होतं, एलजीए 1700 पासून ते 78 मिमी झालं. जुना कूलर ‘थोडा ओढून’ बसवून देणारे भेटतात. त्यांना नाही म्हणा. नव्या सॉकेटमध्ये प्रोसेसरची उंचीही किंचित कमी आहे, त्यामुळे स्क्रू शेवटपर्यंत गेले तरी दाब पुरेसा पडत नाही. एएमडीच्या एएम4 सॉकेटवर चारही स्क्रू काढले की मागची धातूची पट्टी निखळून खाली पडते. ती फेकू नका, बहुतेक कूलर त्याच पट्टीवर बसतात. एएम5 वर ती सॉकेटलाच जखडलेली असते. तिथे फक्त पुढचे प्लॅस्टिकचे दोन कंस (ब्रॅकेट) काढायचे.

बसवण्याचं काम मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर, त्याच्याच खोक्यावर ठेवून करावं. प्रोसेसर, रॅम आणि वरच्या खाचेतली एम.2 एसएसडी (माहिती साठवणारी छोटी पट्टी) आधी बसवून घ्यावी, कारण नंतर तिथे बोटं पोचत नाहीत. कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढावी. तिच्यावर इशारा छापलेला असतो, तरी ती तशीच राहिलेले कूलर आमच्याकडे येत राहतात. प्रोसेसरची उष्णता कूलरकडे पोचवणारी पेस्ट प्रोसेसरच्या मध्यभागी मटारच्या दाण्याएवढी आणि चार कोपऱ्यांकडे बारीक ठिपके; बोटाने पसरवू नये. द्रवधातूची पेस्ट तर अजिबात नको. तिच्यातलं गॅलियम ॲल्युमिनियमला खातं, आणि बऱ्याच स्वस्त कूलरांचा तळ ॲल्युमिनियमचाच असतो.

पंखे उतरवून फक्त हीटसिंक (कूलरचा धातूचा भाग) सरळ खाली टेकवावा. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळलात की तळ तिरका बसतो, पेस्ट एका बाजूला ढकलली जाते आणि समोरच्या स्क्रूचे आटे जातात. दोन्ही बाजूंना आळीपाळीने दोन-दोन आटे द्यायचे, चार स्क्रू असतील तर तिरप्या क्रमाने. स्प्रिंगवाला स्क्रू शेवटी आपोआप अडतो, तिथे थांबायचं. टॉवरच्या मधून जाईल असा लांब दांड्याचा पेचकस हाताशी हवा.

मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये उतरवताना वरच्या डाव्या कोपऱ्यातली आठ पिनांची वीज-वायर लगेच जोडावी. पंखे चढल्यावर तिथे हात जात नाही. मग पंख्यांच्या तारेच्या क्लिपा. हवा पुढून आत आणि मागून बाहेर. पंख्याची जी बाजू जाळीदार आधाराची, तिकडून हवा बाहेर पडते. दोन्ही पंखे एकमेकांकडे तोंड करून लावलेली जोडणी दिसते, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवरच लावावी, नाहीतर सुरू होतानाच बोर्ड पंख्याची चूक दाखवून थांबतो. दोन पंखे एकाच जागी जोडायला दोन फाट्यांची वाय वायर लागते.

बिघाड ओळखायचा कसा? काम सुरू करताच दोन-चार सेकंदांत तापमान 95-100 अंशांना भिडलं, तर तळ नीट टेकलेला नाही किंवा फिल्म राहिली आहे. दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू चढत गेलं, तर हवा खेळत नाही. मात्र रायझन 7950एक्स सारखे प्रोसेसर पूर्ण भारावर 95 अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवले आहेत. तेवढ्यावरून कूलर परत करू नये. शिवाय खोलीचा पारा जेवढा वाढेल, जवळपास तेवढाच प्रोसेसरचाही वाढतो. 28 अंशांच्या खोलीत 78 दाखवणारं यंत्र मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या 42 अंशांच्या खोलीत 92 च्या आसपास जाणार. हवेवरचा कोणताही कूलर खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही.

एएम4 वरचा जुना कूलर काढताना तो सरळ वर खेचू नये. वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. संगणक दहा मिनिटं चालवून बंद करावा, वीज तोडावी आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हलके फिरवत सोडवावा.

विक्रेत्यांकडे आमची एक मागणी आहे. कूलरची उंची, रॅमसाठी उरणारी जागा आणि कोणत्या सॉकेटचे कंस खोक्यात आहेत, या तीन गोष्टी बिलावर लिहून द्या. जोडलेला संगणक कुरिअरने परगावी पाठवत असाल, तर किलोभराचा कूलर उतरवून वेगळा बांधा. उभ्या मदरबोर्डला लटकलेलं ते वजन प्रत्येक धक्क्याला सॉकेटवर ओढ देतं. आणि गिऱ्हाइकांनी उरलेल्या कंसांची व स्क्रूंची पिशवी खोक्यासकट जपून ठेवावी. पुढे मदरबोर्ड बदलला की तेच लागतात आणि दुकानात सुटे सहसा मिळत नाहीत.

आपले,
संगणक जोडणी व दुरुस्ती करणारे काही व्यावसायिक, पुणे