पद्मगडाच्या प्रवाळावर नांगर नको, बोये बांधा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. त्याच्या सुमारे २९ चौरस किलोमीटरपैकी जेमतेम सव्वातीन चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाचा भाग, आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचे निर्मनुष्य बेट पद्मगड त्यातच येते. स्नॉर्कलिंग (तोंडातल्या नळीने श्वास घेत पाण्याखालचे पाहणे) बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. त्यावर कितीतरी घरे चालतात. पण पर्यटकांच्या होड्यांनी प्रवाळावर नांगर टाकणे आजच्या आज थांबले पाहिजे.

इथला प्रवाळ बहुतेक घुमटासारखा, दगडाला चिकटून वाढणारा. वर्षाला वाढ साधारण सेंटिमीटरभर. म्हणजे फूटभर उंचीचा घुमट तीसेक वर्षांचा. नांगराचा फाळ एकदाच लागतो. खरे नुकसान साखळी करते. वारा फिरला की होडी फिरते आणि साखळी तळावर अर्धवर्तुळात घासत जाते. खरवडलेली जागा आधी पांढरी दिसते, मग तिच्यावर हिरवट शेवाळ चढते. त्यावर गाळ बसला की प्रवाळाला ती पुन्हा भरून काढणे कठीण.

उपाय महागडा नाही. वन विभागाच्या परवानगीने, प्रवाळ सोडून वाळूच्या पट्ट्यात काँक्रीटचा जड ठोकळा बसवावा, त्याला साखळी, दोर आणि वर बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा. होड्या बोयालाच बांधायच्या. दोर उधाणाच्या भरतीची खोली धरून कापावा. आखूड पडला तर बोया ठोकळा उचलू पाहतो. आणि लांब ठेवला की ओहोटीला सैल दोर तळाला लागून प्रवाळच कापतो. म्हणून दोराच्या मध्यावर छोटा तरंगता गोळा हवाच, नेमका तोच पैसे वाचवायला गाळला जातो. साखळी आणि दोर जोडणाऱ्या लोखंडी कडीची (शॅकलची) पिन तारेने बांधावी, नाहीतर लाटांच्या हिसक्यांनी ती सुटते. साखळी झिजते ती तळाला टेकते तिथे, तेव्हा महिन्यातून एकदा पाणबुड्याने तेवढा भाग हाताने चाचपून पाहावा.

पर्यटकांना होडीतच सांगावे: घुमटावर उभे राहू नका, पाव टाकू नका. शेवाळ खाणारे मासे पावाच्या मागे लागले की प्रवाळावरचे शेवाळ कोण खाणार?

पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात. हंगाम संपताच बोये व दोर काढून ठोकळे जागेवर ठेवावेत, आणि हंगाम उघडण्याआधी नवे दोर जोडावेत.

– एक वाचक, मालवण