नव्याने निदान झालेल्यांसाठी शनिवारची बैठक

सभासदहो, नमस्कार.

येत्या शनिवारी दुपारी ४ वाजता नेहमीच्या सभागृहात बैठक आहे. गेल्या वर्षभरात पार्किन्सन्सचं निदान झालेल्यांसाठी ती खास ठेवली आहे. घरचं एक माणूस सोबत आणा. जुन्या सभासदांनीही यावं, पण पहिला अर्धा तास नव्यांना बोलू द्यावं. (सल्ले द्यायची आपल्याला फार घाई असते!)

येताना आणायचं:

• सगळ्या औषधांची यादी, डोस आणि वेळांसकट. मळमळीच्या गोळ्याही लिहा. मेटोक्लोप्रामाइडसारख्या औषधाने पार्किन्सन्सची लक्षणं वाढू शकतात, आणि ते बऱ्याचदा दुसऱ्याच डॉक्टरांनी दिलेलं असतं.

• चार-पाच दिवसांची नोंद: गोळी किती वाजता घेतली, हालचाल कधी मोकळी झाली, कधी पुन्हा जखडली. शर्टाचं बटण लावायला सकाळी जास्त वेळ लागतो की संध्याकाळी, इतकं बारीक लिहिलंत तरी चालेल. न्यूरॉलॉजिस्टना अशा नोंदींचाच उपयोग होतो.

• बैठकीच्या वेळेत गोळी असेल तर ती आणि पाणी. खुशाल मध्येच उठून घ्या.

फिजिओथेरपिस्ट चालण्याचे व्यायाम करून घेतील. न घसरणारे बूट घाला.

बैठकीला कोण आलं होतं हे बाहेर कुठेही बोलायचं नाही. काहींनी अजून ऑफिसात सांगितलेलं नाही.

तोवर बरं वाटतंय किंवा मळमळतंय म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका. अचानक थांबवणं धोक्याचं असतं. आधी डॉक्टरांना फोन करा.

येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत गटावर नाव कळवावं.

– कार्यवाह