बाई, आमच्या घरात नीट वाद लावून दिल्याबद्दल आभार

संडे स्कूलच्या आदरणीय बाई,

सप्रेम सलाम.

माझ्या मुलीचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती मंडळीत घेण्याचा विधी, छान पार पडला. फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "पुरे गं" म्हणून फोन ठेवता, म्हणून हे चारचौघांसमोर लिहितेय.

आमच्या ऐरोलीच्या घरात काय पेटलं होतं ते तुम्ही पाहिलंतच. मी ठाण्याच्या सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या प्रोटेस्टंट मंडळीतली, सासर ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडचं जुनं कॅथलिक, आणि माझा दादा पेंटेकॉस्टल या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाचा. सासूबाईंना तान्हेपणीच बाप्तिस्मा हवा. दादा म्हणे, स्वतःचा विश्वास नसताना बाप्तिस्मा म्हणजे नुसती अंघोळ. बाकीचे नातेवाईक "देव एकच ना, सोडा आता" म्हणत चहा पुढे करायचे. त्याने दोघंही जास्तच चिडायची. ज्यावर माणूस आयुष्य उभं करतो, ते किरकोळ ठरवलं तर चिडणारच.

तुम्ही ठाण्याहून लोकलने आलात आणि बसल्या बसल्या सांगितलंत, मतभेद खरा आहे, झाकू नका. मग दादाला म्हणालात, तू अर्भकांच्या बाप्तिस्म्याची बाजू मांड आणि सासूबाई तुझी मांडतील. दादा आधी हसला. मग बायबल उघडून प्रेषितांच्या कृत्यांतल्या सोळाव्या अध्यायावर आला. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने घरच्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेतला, त्या घरात लेकरं नसतीलच कशावरून? सासूबाईंनी चष्मा पुसून मार्क 16:16 काढलं. आधी विश्वास, मग बाप्तिस्मा. "क्रम तर असाच दिसतोय," त्या पुटपुटल्या. समोरचा "हो, माझं हेच म्हणणं आहे" म्हणेपर्यंत तुम्ही कुणाला सोडलं नाहीत. मत कुणाचंच बदललं नाही, आवाज मात्र खाली आले.

माझ्या मनातली गाठ वेगळी होती. मला वाटायचं, सासूबाई हट्ट करताहेत. तुम्ही समजावलंत की मिश्र विवाहाला परवानगी देताना कॅथलिक चर्च आपल्या माणसाकडून वचन घेतं, मुलांचा बाप्तिस्मा आणि संगोपन कॅथलिक व्हावं म्हणून शक्य ते सगळं करीन असं. वचन ह्यांचं होतं, मला त्याची कल्पना दिलेली होती. आणि त्याच चर्चने माझा बाप्तिस्मा ग्राह्य धरला, पुन्हा घ्यायला लावला नाही, हेही तुम्हीच दाखवलंत. त्यानंतर सासूबाईंशी बोलणं सोपं झालं.

दादाला तुम्ही आमच्याच मंडळीचं उदाहरण दिलंत. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सी.एन.आय. झाली, तेव्हा एकत्र आलेल्या सहा मंडळ्यांत अर्भकांना बाप्तिस्मा देणारे होते, तसे विश्वास सांगितल्यावरच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्टही. दोन्ही रीती ठेवल्या गेल्या. कॅथलिक लोक कर्मांनी तारण कमावतात, हे त्याचं ठेवणीतलं वाक्य आलं, तेव्हा तुम्ही ऑग्सबर्गचं जाहीरनामापत्र काढलंत. 31 ऑक्टोबर 1999 ला लूथरन या प्रोटेस्टंट पंथाने आणि कॅथलिकांनी मिळून सही केलेलं, माणूस कृपेने नीतिमान ठरतो असं सांगणारं. त्यात उरलेले फरकही लिहून ठेवलेत, ते तुम्ही मुद्दाम वाचून दाखवलेत. मला तर तोच भाग जास्त आवडला.

बाप्तिस्म्याला दादा आला. शेवटच्या बाकावर बसला, बाळाला घेतलं, जेवला आणि जाताना म्हणाला, "मोठी झाली की तिचं ती ठरवेल." सासूबाई म्हणाल्या, "ठरवू दे की. दृढीकरण कशाला असतं मग?" म्हणजे मोठेपणी बाप्तिस्मा पक्का करण्याचा विधी. मी मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला जाते, पण कॅथलिक नसल्यामुळे कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकरीच्या रांगेत उभी राहत नाही. ते खुपतं. खुपत नाही असं दाखवायचं नाही, हेही तुमच्याचकडून शिकले.

आता नवीन निघालंय. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, दिवंगत सासऱ्यांसाठी मिस्सा ठेवायची आहे. दादा म्हणतो, मृतांसाठी प्रार्थना बायबलात नाही. सासूबाईंनी मक्काबींचं दुसरं पुस्तक, बारावा अध्याय पुढे केला. दादाच्या सहासष्ट पुस्तकांच्या प्रोटेस्टंट बायबलात ते पुस्तकच नाही. दोघांनीही तुम्हाला बोलवायला सांगितलंय. रविवारी दुपारी या, जेवायलाच.

तुमची,
संडे स्कूलच्या मागच्या बाकावरची