चेन कुठं लावायची ते आधी ठरव

प्रिय चिंगे,

तुझा मेसेज वाचला, बाळाला पाजायला सोयीच्या म्हणून ऑनलाईन मिळतात त्या फीडिंग कुर्त्यांचे फोटो पण सगळे बघितले. घेऊ नकोस. एका कुर्तीला चौदाशे रुपये आणि त्यात वेगळं काय, तर छातीजवळ दोन आडव्या-उभ्या चेन. त्या दोन चेन आपल्या बेळगावच्या शहापुरातला कुठलाही लेडीज टेलर लावून देतोय, ते पण तुझ्या कपाटातल्या रोजच्या कुर्तीला. मेसेजवर तुकड्या तुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदाच लांबलचक लिहून पाठवते, तू आठव्या महिन्यात आहेस, पाय वर करून वाच निवांत, मला मात्र हे पोरगं झोपलंय तोवरच टाईम आहे त्यामुळं मधेच तुटलं तर समजून घे.

आता ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अंगणवाडीत स्तनपान सप्ताहाचं पोस्टर लागेल बघ, १ ते ७ तारीख दरवर्षी. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नको, मग वरचं खाणं सुरू करून दोन वर्षं आणि त्याच्या पुढंही पाजलं तर चांगलंच. सगळं बरोबर आहे. पण ती दोन वर्षं बाईनं अंगात काय घालायचं हे काय कुठल्या पोस्टरवर नसतंय. आणि दोन वर्षं म्हटल्यावर गणितच बदलतं गे, बाळंतपणापुरते चार कपडे घेऊन भागत नाही, घरातले, बाहेरचे, शाळेतले, लग्नकार्यातले सगळेच कपडे पाजता येतील असे लागतात. एवढे सगळे नवीन कोण घेणार? म्हणून माझं मत असं की पैसे फक्त आतल्या कपड्यांवर घाल, बाकी जे आहे त्याला कात्री लाव.

गाऊनचं आधी सांगते कारण पहिला दीड-दोन महिना तू त्यातच असणार. गणपत गल्लीत नाहीतर खडे बाजारात साधा कॉटनचा गाऊन अडीचशे-तीनशेच्या आसपास मिळतो, पुढं चेन असलेला. चेन किती लांब आहे ते दुकानातच बघ. बऱ्याच गाऊनना गळ्यापासून वीतभर चेन असते, ती दिसायला असते, पाजायला तिचा उपयोग नाही, निदान चौदा-पंधरा इंच पाहिजे म्हणजे छातीच्या खालपर्यंत उघडते. लोखंडी दात्यांची चेन नको, बाळाच्या गालाला टोचते, प्लॅस्टिकची बारीक घे आणि आतून कापडाची पट्टी आहे काय बघ, नसेल तर आईला सांगून लावून घे. सिझर झालं तर गाऊनसारखं दुसरं सुख नाही, पंजाबीची नाडी नाहीतर परकराची गाठ नेमकी टाक्यांवर येते.

आणि एक, नायलॉन, सॅटीन असलं चकचकीत काही घेऊ नकोस, कितीही स्वस्त असू दे. तुमच्या घरात अज्जी आहे म्हणजे शेक-शेगडी, धुरी सगळं होणारच, तू काय तिला थांबवू शकणार नाहीस. सिंथेटिक कपडा निखाऱ्याजवळ पेटला तर वितळून अंगाला चिकटतो. सुती पण पेटतोय, नाही असं नाही, म्हणून शेगडी लांबच ठेव आणि ओढणी-पदर खोचून बस. माझ्या जावेला कोणीतरी डोहाळजेवणात गुलाबी सॅटीनचा गाऊन दिला होता, मखरातल्या देवीला घालण्यासारखा, सासूबाईंनी बघितला आणि सरळ ट्रंकेत टाकला. बरं केलं. तुझं डोहाळजेवण व्हायचंय अजून, कोण काय देऊ विचारालं तर लाजू नकोस, पुढं उघडणारा कॉटनचा गाऊन द्या म्हणून सांग, नाहीतर पाच साड्या आणि सहा वाट्या येतील.

आता कुर्त्या. कपाट उघड आणि ज्यांना खांद्याच्या नाहीतर मुंढ्याच्या शिवणीपासून छातीवरून कमरेपर्यंत उभी शिवण आहे, प्रिन्सेस कट म्हणतात तो, त्या सगळ्या बाजूला काढ. त्या अर्ध्या तयारच आहेत. टेलर ती शिवण मधे आठ-नऊ इंच उसवतो आणि तिथं आतल्या बाजूला दबलेली चेन लावतो, इनव्हिजिबल चेन माग मॅचिंग सेंटरमध्ये, दोरा जसा मॅचिंग आणतेस तशीच. दोन्ही बाजूंना लाव. एकाच बाजूला लावून पैसे वाचवायचा विचार आला तर सोडून दे, बाळ दोन्हीकडं पितंय. बाहेरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही आणि दोन वर्षांनी चेन बंद करून ती कुर्ती परत तुझीच.

ज्यांना उभी शिवण नाही त्यांना दोन मार्ग आहेत. एक, बगलेच्या खालची बाजूची शिवण उसवून तिथं चेन, हे सगळ्यात स्वस्त आणि कुठल्याही कुर्तीला चालतं, पण सैल कुर्ती पाहिजे, अंगाबरोबरची असेल तर ओढून ओढून जीव जातो. दुसरा, दोन जुन्या कुर्त्यांची एक करायची. छातीच्या खाली आडवी कापायची, खालच्या भागाला आत दुसऱ्या कुर्तीच्या कापडाचं अस्तरासारखं झाकण लावायचं ज्यात दोन बाजूंना उभ्या फटी, आणि वरचा भाग झालरीसारखा त्यावर मोकळा सोडायचा. वरचं उचललं की पाजता येतं, सोडलं की झाकलं. सांगायला किचकट वाटतं पण टेलरला कागदावर काढून दाखवलं की कळतं. आमच्या वडगावच्या टेलरकाकूंनी माझी पहिली केली तेव्हा म्हणाल्या, हे काय नवीन फॅशन गे, आणि आता त्याच दुसऱ्यांना शिकवालेत.

हे सगळं नको असेल तर शिवणकाम न करता एक सोपी गोष्ट सांगते. आत एक जुनी बिनबाह्यांची स्लिप नाहीतर नवऱ्याची बनियन घाल, तिला छातीवर दोन गोल कापून घे. वरची कुर्ती उचलायची, आतली तशीच राहते, म्हणजे पोट-पाठ उघडी पडत नाही. बायकांना अवघडल्यासारखं होतं ते छातीमुळं नाही, तिथं बाळाचं डोकंच असतं, पोट आणि कंबर दिसतीय याचाच त्रास असतो. बनियन फुकटची, नवरा कुरकुरेल तेवढंच.

आता पैसे घालायची जागा. फीडिंग ब्रा. इथं कंजूसपणा करू नकोस. कप वरून एका हातानं सुटला पाहिजे, कारण दुसऱ्या हातात रडणारं बाळ असतंय. आत तार असलेली अजिबात नको, घट्ट पण नको, तार नाहीतर काठ एकाच जागी दाबत राहिला की तिथली दुधाची नळी तुंबते, गाठ येते, ताप भरतो, मग डॉक्टर. आत्ता फक्त दोन घे. नवव्यात मोजून घे, छातीखालचा पट्टा सगळ्यात सैल हुकावर बसेल असा, कारण बाळंतपणानंतर बरगड्या परत खाली बसतात आणि मग तू आतले हुक लावशील, आणि कपात थोडी जागा राहू दे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं तेव्हा छाती दगडासारखी होते, तेव्हाच्या मापावर कधी खरेदी करू नये. काही आठवड्यांनी अंग जरा ताळ्यावर आलं की मग अजून दोन-तीन घे. अगदीच परवडत नसेल तर पुढं हुक असलेली साधी कॉटन ब्रा बाजारात कायमच मिळते, ती पण चालते, फक्त पाजताना दोन्ही बाजू सुटतात, घरात ठीक आहे.

आणि पॅड. विकतचे एकदा वापरून टाकायचे पॅड पहिल्या महिन्यात किती लागतील याचा हिशोबच करू नकोस. एका बाजूला पाजताना दुसरीकडून गळतं, शेजारचं बाळ रडलं तरी गळतं, झोपेत तर बघायलाच नको. जुनं धोतर नाहीतर मऊ झालेली सुती साडी काढ. सगळ्याजणी त्याचे पाच-सहा पदरी गोल शिवतात, मला ते पटत नाही, निदान आपल्याकडच्या पावसात. तुला माहीतच आहे बेळगावचा जुलै-ऑगस्ट, कपडे चार दिवस दोरीवर, वास मारालेत. जाड शिवलेला पॅड आतून ओलाच राहतो, आणि तो ओला लावला की बुरशी होते, तुला पण आणि बाळाच्या तोंडात पण. त्यापेक्षा मोठ्या रुमालाएवढे चौकोन काप, कड नुसती पिको करून घे, घडी घालून ठेव. धुतल्यावर उलगडून वाळत घातलं की एकेरी कापड, पंख्याखाली सुद्धा वाळतं. वरून इस्त्री फिरव. भिजला की लगेच बदलायचा, एवढंच. भरपूर कर, एका साडीत ढीगभर होतात.

बारशाच्या ब्लाऊजचं आधीच ठरव, हे मी खास तुझ्यासाठी लिहालंय कारण तुझे सगळे ब्लाऊज मागं हुक आणि मागं लटकन. नटूनथटून पाळण्याजवळ बसशील, पन्नास बायका जमतील, आणि बाळ नेमकं तेव्हाच भुकेजणार. मागचे हुक काढणार कोण? पुढं हुकचा शिव, बाजूला आत दीड-दोन इंच माया ठेवायला सांग म्हणजे कमी-जास्त झालं तर उसवता येईल. पदराच्या निऱ्या करून खांद्यावर पिना टोचू नकोस, एकेरी मोकळा पदर सोड, तोच तुझा पडदा, आणि बाळाजवळ पिन नकोच. आपल्या अज्ज्या इरकल साडीवर खणाची चोळी घालायच्या, पुढं गाठ मारलेली, गाठ सोडली की काम झालं, शेतात, बाजारात, एसटी स्टँडवर कुठंही पाजायच्या. ते गुळेदगुड्डचे खण आता शहरातल्या बायका हौसेनं मागं चेन लावून शिवून घेतात आणि मग फीडिंगवाले कपडे ऑनलाईन शोधालेत, काय बोलायचं! खणाचा ब्लाऊज शिवणारच असशील तर पुढं गाठीचा शिव, फॅशन पण होईल.

बसचं सांगायचं राहिलं. शक्ती योजना जून २०२३ ला आल्यापासून कर्नाटकाच्या साध्या बसला आपल्याला बायकांना तिकीट नाही ते बरंच झालं, पण निपाणी-बेळगाव गाडीत बसायला जागा मिळेल याची खात्री नाही. जमलं तर स्टँडवरूनच चढ, खिडकीची सीट पकड, खिडकीकडच्या बाजूनं पाज. ते गळ्यात अडकवायचं फीडिंग कव्हर म्हणून मिळतं ना, तंबूसारखं, ते मला बाद वाटतं, लांबूनच ओळखू येतं आणि आत उकाडा. जुनी कॉटनची ओढणी खांद्यावरून सोड, बाळाचं तोंड मोकळं ठेव. चार-पाच महिन्यांचं झालं की ते ओढणी ओढून फेकणारच, तेव्हा चेनवाली कुर्ती कामाला येते.

शाळेत परत जाशील तेव्हा साडीच असणार तुला, त्यामुळं अर्धं काम सोपं. बारीक छापाच्या, गडद रंगाच्या साड्या काढून ठेव, फिक्या एकरंगी ब्लाऊजवर दुधाचा डाग पाचव्या तासाला पाटीवर लिहिल्यासारखा दिसतो. आणि २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा आहे, बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी पण कायद्यात आहे, हे तुझ्या हेडबाईंशी आत्ताच बोलून ठेव, तोंडी नको, अर्ज दे.

उठलं बघ, रडालंय. माहेरी येताना चार-पाच कुर्त्या आणि दोन जुन्या सुती साड्या पिशवीत टाकून आण, मॅचिंग चेन मी इथं मारुती गल्लीत घेऊन ठेवते, फक्त कुर्त्यांचे रंग उजेडात फोटो काढून पाठव, ट्यूबलाईटमध्ये नको. आणि श्रावणाच्या आधी आण, श्रावण लागला की टेलरकाकू अल्टरचं काम हातात घेत नाहीत, नवीन ब्लाऊजच शिवत बसतात.

तुझीच,
शहापूरवाली