थिजलेले खोबरेल आणि धमन्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत गेल्या आठवड्यात 'जे तेल बाटलीत थिजते, तेच धमन्यांत थिजते' असे छापून आले. त्यानंतर दोनच दिवसांनी मी कणकवलीत तेलाच्या घाण्यावर उभी होते. एक गृहस्थ बाटली परत करायला आले. आतले खोबरेल पांढरेफटक, बूच काढून उलटी धरली तरी थेंब पडेना. "ह्या तेलात मेण घातलेला आसा," ते सगळ्यांदेखत म्हणाले. घाणेवाल्याने काही न बोलता पैसे परत दिले. तीस वर्षे हायस्कुलात विज्ञान शिकवलेल्या मला ते बघवले नाही, म्हणून हे पत्र.

खोबरेल साधारण 24-25 अंशांना थिजते. जानेवारीच्या पहाटे ते आमच्याकडे थिजायचेच. त्यात जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते. ही 12 कार्बनची साखळी, कुठेही दुहेरी बंध नाही, म्हणून सरळ. सरळ काटक्यांची मोळी कशी घट्ट बसते, तशा या साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात. शेंगदाणा तेलात ओलेइक आम्ल भरपूर. त्याच्या 18 कार्बनांच्या मधोमध एक दुहेरी बंध असतो, तिथे साखळी वाकते आणि मोळी सैल पडते. तेवढ्याच लांबीचे पण सरळ स्टिअरिक आम्ल वितळायला 69 अंश लागतात, ओलेइकला 13 पुरतात. एका वाकण्याने एवढा फरक! आपल्या मुठेलात स्टिअरिक निम्म्याच्या आसपास असते, म्हणून कोकमाच्या बियांचे ते गोळे भर मे महिन्यातही फडताळात घट्ट राहतात आणि टाचेच्या भेगांत भरायचे तर दिव्यावर धरून पातळ करावे लागतात. त्यात कोणी मेण घालत नाही. अर्थात, थिजले म्हणजे शुद्धच, असेही नाही; ते प्रयोगशाळेतच कळते.

आता धमन्यांचे. शरीराचे तापमान 37 अंश, तिथे खोबरेल थिजेल कसे? शिवाय ते तेल म्हणून रक्तात शिरतच नाही. आतड्यात पित्त त्याचे बारीक थेंब करते, लायपेज हे विकर लॉरिकसारखी मेदाम्ले सुटी करते, आतड्याच्या पेशी ती पुन्हा जोडून प्रथिनांच्या वेष्टनात पुढे पाठवतात. ऊर्जेसाठी पेशी ही साखळी दोन-दोन कार्बनांनी तोडतात. लॉरिकचे सहा तुकडे होतात.

पण खोबरेल निर्दोष आहे, असे मी म्हणणार नाही. त्यातली सुमारे 90 टक्के मेदाम्ले संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेली, आहेत. यकृताच्या पेशींवर रक्तातले एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, उचलून घेणारी ग्राहके असतात. संपृक्त मेदाम्ले जास्त झाली की ही ग्राहके कमी होतात आणि एलडीएल रक्तात साचते. धोका आहे तो या वाटेने. माझ्या वहिनी 'खोबरेल चटकन जळते' असे मोबाइलवर वाचून वजन उतरवायला रोज सकाळी दोन चमचे खोबरेल पीत होत्या. वजन जागचे हलले नाही, एलडीएल मात्र वाढले. थेट यकृतात जाऊन चटकन जळतात त्या मुख्यतः 8 आणि 10 कार्बनांच्या साखळ्या, आणि खोबरेलात त्या थोड्याच असतात. लॉरिक बहुतांशी लांब साखळ्यांच्याच वाटेने जाते. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आता त्या फोडणीपुरते शेंगदाणा तेल वापरतात आणि खोबरेल फक्त सोलकढीच्या लसणीच्या फोडणीला, चमचाभर.

पुरवणीतल्या त्या वाक्याची दुरुस्ती छापावी, आणि ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको. लेख जिथे आला होता तिथेच छापावी. त्या घाण्यावर थंडी संपेपर्यंत अजून बाटल्या परत येणार आहेत.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, कणकवली